पडवीतली सावड

वैशाख लागला की मला घरात बसवत नाही. खुर्चीतून उठते, खिडकीपाशी जाते, परत येते, वर्तमानपत्र उघडते, मिटते. कर्जतला राहायला आल्यापासून शेजारच्या बाईंना हे ठाऊक झालंय. त्या म्हणतात, "बाई, तुम्हाला उन्हाळा बाधतो. सब्जा घेत जा." सब्जा घेते. पण बाधतो तो उन्हाळा नव्हे. दुपारच्या वाऱ्याबरोबर डोंगराच्या अंगाने एक वास येतो, जळक्या पाल्याचा, शेणाचा, भाजलेल्या मातीचा. दोरीवरचे कपडे त्या वासाने भरून जातात. कुणी तरी कुठे तरी राब लावलेला असतो.

ज्यांनी राब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात भाताचं रोप जिथे करायचं ती जागा आधी भाजून घेतात. शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या तोडून वाळवलेल्या फांद्या, त्यावर पाचोळा आणि गवत, त्यावर मातीचा पातळ थर, आणि मग वारा पडलेला बघून काडी लावायची. भडकू द्यायचं नाही. आतल्या आत धुमसू द्यायचं. आता वनखातं फांद्या तोडू देत नाही आणि खताची गोणी बाजारात मिळते, म्हणून राब कमी झाले. पूर्वी या दिवसांत चौक गावापासून खालापूरपर्यंत प्रत्येक टेकडीच्या पायथ्याशी धूर उभा असायचा आणि इर्शाळचा सुळका त्यातून अर्धाच दिसायचा.

लोकांना म्हणे अशा वासाने गाव आठवतं आणि डोळे भरून येतात. माझे नुसते चुरचुरतात. आणि एक भांडण आठवतं. त्या एका उन्हाळ्यात ते मी माझ्या वडिलांशी सुरू केलं. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला ते संपवता आलेलं नाही.

लढाई चालू होती. मी नुकतीच बी.ए. झाले होते. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, बायकांत तर चौथीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. हे मी मान खाली घालून सांगणाऱ्यांतली नाही. कर्जत स्टेशनावर उतरले तेव्हा ट्रंक हमालाच्या डोक्यावर दिली आणि पदर सावरून अशी चालले, जशी काही ती सगळी भोर घाटाची इंजिनं मलाच शिट्टी देत होती. पुण्याच्या एका मुलींच्या शाळेत नोकरी मिळायची होती, ते जूनच्या तोंडावर कळणार होतं. तोवर घरी राहायचं. घर म्हणजे खालापूरच्या पुढे, कुंभिवलीच्या बाजूला, हमरस्त्यापासून आत असलेल्या वस्तीतल्या दोन खोल्या आणि एक पडवी. मिशनने भाड्याने घेतलेल्या. माझे वडील तिथे उपदेशक होते.

किती लांब होती ती दुपार, रोजची! हमरस्त्यावरून लष्करी लॉऱ्या जात. त्यांचा आवाज आधी जमिनीतून पायांना कळायचा, मग कानांना. धूळ आमच्या दारापर्यंत येई. रॉकेल मोजून मिळे, तांदूळ त्याहून मोजून, आणि आई कण्यांचा भात करून वर म्हणे, "कण्या पचायला हलक्या असतात." मी इंग्रजी कविता मोठ्याने वाचायची आणि मधेच पुस्तक आपटून उठायची. कुठे जायचं हे ठाऊक नसे. विहिरीपर्यंत जाऊन परत यायची. आमची विहीर वेगळी होती, हेही सांगून टाकते. कॉलेजात मी सगळ्यांबरोबर एका माठातलं पाणी प्याले होते, आणि इथे माझ्या बी.ए.ला पाणी काढायला वस्तीच्या खालच्या अंगाला जावं लागे.

बाबा सकाळीच निघत. कापडी पिशवीत शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, डोक्यावर जुनी टोपी, अंगात काळा कोट. कधी लोधिवली, कधी चौकचा बाजार. बाजारात चिंचेच्या सावलीला उभे राहून ते बोलत. ओरडत नसत. जवळचा थांबला तर त्याला ऐकू जाई, न थांबला तर नाही. वस्तीतले त्यांना मास्तर म्हणायचे, कारण कोट घालून पुस्तक हातात धरणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं हे त्यांना माहीत नव्हतं. मागून मात्र हाका वेगळ्या असत.

"आला रं पगारी देव!"

"मास्तर, आज काय वाटताव? साखर हाय का?"

"त्यांना कशाला विचारतोस रं? गोऱ्याची भाकरी खानारा मानूस तो."

देश तापलेला होता, आणि कोट पाहून लोक बाबांना सरकारच्या बाजूचे समजत. कोटाच्या आत खादीचा सदरा असायचा. पण कोट काढून कोण बघतंय? मी म्हणायची, "बाबा, कोट तरी घालू नका ना." ते म्हणत, "कोट काढला तर म्हणतील, भिऊन काढला."

हा माणूस असा होता. त्याचं कारणही मला ठाऊक होतं. माझे आजोबा नगरकडच्या एका दुष्काळात ख्रिस्ती झाले. गाव म्हणालं, धान्यासाठी बाटला. ते वाक्य आमच्या घराला चिकटून राहिलं. मी एकदा बाबांना सरळ विचारलं होतं, "खरं काय होतं?" बाबा म्हणाले, "उपाशी होता हे खरं. धान्य मिळालं हेही खरं. बाकीचं त्याला ठाऊक आणि देवाला. पण माझ्या तोंडून देवाचं वचन ऐकलेल्या माणसाबद्दल कोणी तसं म्हणेल, एवढीसुद्धा फट मी ठेवणार नाही." म्हणून ते कुणाला काही देत नसत. दुसरे उपदेशक रंगीत चित्रं वाटत, औषधाच्या पुड्या देत. आई म्हणायची, "अहो, निदान पोरांना लिमलेटची गोळी तरी द्या. येतील तरी." बाबांचं उत्तर ठरलेलं. "गोळीसाठी आलेलं पोर गोळी विरघळली की जातं."

तेव्हा रविवारी आमच्या पडवीत कोण असे? आई, मी आणि समोर उभे राहून आम्हा दोघींना उपदेश करणारे बाबा. शेजारची शेळीही असे, पण ती आमच्या सावलीला आलेली असायची.

मी घरी पोचताच कळलं होतं की हे फार दिवस चालायचं नाही. पुण्याच्या मोठ्या पाळकांनी, म्हणजे मिशनच्या वरिष्ठ पाद्रींनी, बाबांना सांगून ठेवलं होतं की पावसाळ्याआधी एका रविवारी मी स्वतः येईन, ऐकणारी माणसं दिसली तर मिशनचं इथलं ठाणं राहील, नाही तर बंद करू. बाबांनी मग पुण्याला यायचं आणि मिशनच्या पुस्तकांच्या दुकानात बसायचं. मी तर मनातून नाचलेच. पुणं, नळाचं पाणी, माझी शाळा, आणि आईबाबा माझ्याजवळ. बाबांना खोकला होता, राबाच्या धुराने तो वाढे. मी म्हटलं, "देवच तुम्हाला पुण्याला बोलावतोय." ते हसले नाहीत. म्हणाले, "दुकानात पुस्तक विकत घ्यायला जो येतो त्याला मी काय सांगणार, बाय? तो आधीच निम्मा आलेला असतो."

त्याच दिवसांत नामाचा राब भडकला.

नामा म्हणजे आमच्या वस्तीतला तरणा शेतकरी, तोंडाने फटकळ, "पगारी देव" हे नाव त्यानेच काढलेलं. भर दुपारी वारा उठला आणि त्याच्या राबाची आग धुमसायची सोडून पळत सुटली, थेट पेंढ्याच्या रचलेल्या उडवीकडे. बाबा चौकहून परत येत होते. त्यांनी पिशवी झाडाला अडकवली, हिरवी फांदी मोडली आणि आग झोडपायला लागले. कोण कुठून आलं हे बघायला कुणाला सवड होती? नामा ओरडत होता, "अरे ए, तिकडनं मार! खालनं, खालनं!" उडवी वाचली. बाबा घरी आले ते ओळखू येऊ नयेत इतके काळे. कोटाची एक बाही जळाली होती. आई किंचाळली. आणि बाबांचे दात तेवढे पांढरे चमकत होते.

"तो मला अरे म्हणाला," ते म्हणाले. "इतकी वर्षं मास्तर मास्तर करतात. आज अरे म्हणाला."

दुसऱ्या दिवसापासून ते आपण होऊन त्यांच्यात जायला लागले. सकाळी फिरती, दुपारनंतर राब. फांद्यांचे भारे डोक्यावरून आणायचे, शेणाच्या पाट्या ओतायच्या, माती चाळायची, आग धरून ठेवायची. राबाची कामं एकट्याने उरकत नाहीत. आज सगळ्यांनी माझ्याकडे, उद्या सगळ्यांनी तुझ्याकडे, अशी ती फिरतात, त्याला सावड म्हणतात. सावडीत मजुरी नसते. दिवसाला दिवस असतो. कुणाला ताप आला तर तो बायकोला पाठवतो, बायको अडली तर मेव्हण्याला, पण माणूस पोचलाच पाहिजे. ज्याने तुमच्याकडे घाम गाळला त्याचा घाम तुम्ही परत केला नाहीत, तर वस्तीत मान वर करून चालता येत नाही.

बाबांचा भारा त्यांना चालला. भाऱ्याला विटाळ नसतो. दुपारची भाकरी मात्र बाबांना बाजूला, पळसाच्या पानावर, वरून टाकून मिळे. मला हे कळलं तेव्हा मी थयथयाट केला. "मी बी.ए. झाले ती याच्यासाठी? माझ्या बापाला कोणी वरून भाकरी टाकावी?" बाबा पाय धूत होते. "भाकरी बरी होती," म्हणाले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

आजही वास आला की मला त्या भाकरीचाच राग आधी येतो. मग शाळेतल्या माझ्या मुली आठवतात. दर वर्षी नवी तुकडी, आणि मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना एका माठातलं पाणी प्यायला लावायची. काही पालक तक्रार घेऊन आले. मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि त्याच माठातलं पाणी. कोणी प्यायलं, कोणी नाही. बाबांनी असं केलं नसतं, हे मला माहीत आहे. ते म्हणाले असते, तहान लागली की पितील. मला तेवढी वाट बघता येत नाही. कधीच आली नाही.

आणि मग पडवी भरली.

एका रविवारी नामा आला. हातपाय धुऊन, मुंडासं बांधून. त्याच्या मागून दोघे, मग त्यांच्या बायका, मग नामाची आत्या चांगुणा. ही विधवा बाई, जिभेला धार, मला "बीयेबाय" म्हणणारी. सगळे ओळीने बसले. बाबांनी शास्त्र उघडलं. मग बोलले, आणि काय बोलले! मी कॉलेजात मोठमोठी व्याख्यानं ऐकली होती. तसं काही ते नव्हतं, पण त्या दिवशी माझी चुळबूळ थांबली, एवढं कबूल करते. पुढच्या रविवारी आणखी माणसं. आईने शेजारच्या वाडीतून चटई मागून आणली, पडवी सारवली. बाबा खोकायचे थांबले. खरंच थांबले. ताटावर बसले की म्हणायचे, "बघितलंस? दहा वेळा झिडकारतात, अकराव्या वेळी बसतात. आपण जायचं सोडायचं नाही." त्यांचा चेहरा बघून मी पुण्याचं नाव काढणं सोडून दिलं.

पण मला काही तरी टोचत होतं. माणसं यायची, बसायची, अंगणातली सावली जोत्याला लागली की एकदम उठायची. कोणी काही विचारत नसे. हसण्याच्या जागी हसत नसत. चांगुणा, जी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून दुसऱ्याला रडवायची, ती आमच्या पडवीत तोंडाला कुलूप लावून बसे. आणि एका रविवारी एक अनोळखी इसम आला. बाबांनी विचारलं, "आपण कोण?" तो म्हणाला, "मी कर्जतच्या अंगाचा. मेव्हण्याच्या बदली आलोय. त्याचा पाय मुरगळला." बाबा म्हणाले, "या, या, बसा." त्यांना आनंदच झाला. मला मात्र 'बदली' हा शब्द काही पचेना.

डोहावर धुणं धुताना मी चांगुणाला गाठलं. सरळच विचारलं, "आत्या, तुम्ही सगळे रविवारी का येता?"

"आता गं बाय! का म्हंजे? मास्तरांनी किती राब भाजले आमचे. ती सावड फेडायला नको?"

"म्हणजे?"

"म्हंजे काय? त्यांना ना शेत, ना राब. त्यांचं काम काय, तर मानसं बसवून बोलायचं. मंग आमी बसतो. काय कठीन नाय ते. पाठ दुखते जरा." तिने पातळ दगडावर आपटलं. "आनि तुझे ते मोठे सायब येनार हायेत म्हनं ना? त्या दिवशी आमी पावणेरावळेबी आननार हाय. मास्तरांची मान खाली जाऊ देनार नाय, तू घोर नको करू."

इतकं सरळ, इतकं भलं. हातातलं धुणं तसंच ठेवून मी घरी आले. ज्या माणसाच्या हातचं पाणी त्यांना चालत नव्हतं, त्याच्या उपकारात राहणं त्यांना त्याहून चालत नव्हतं. म्हणून त्यांनी आपापसात विचार करून, त्याचं जे काम दिसलं त्यात येऊन अंग दिलं होतं. माणसाच्या बदली माणूस पाठवला होता. मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं.

बाबांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही. ते कंदिलाची काच पुसत होते. पुसतच राहिले. आई म्हणाली, "वाईट हेतूने तर येत नाहीत ना? येऊ द्या." बाबा म्हणाले, "त्यांना सांगायला हवं. सावड फिटली म्हणून."

"सांगा," मी म्हटलं, "पण मोठे पाळक येऊन गेल्यावर सांगा. येता रविवार जाऊ द्या. एक रविवार गप्प बसलात तर काय आकाश कोसळणार आहे?"

"ते साहेब येऊन माणसं बघतील आणि म्हणतील, वचन रुजलंय. मी तिथे उभा असेन, आणि मला ठाऊक असेल की ते रुजलेलं नाही."

"तुम्ही कुणाला आमिष दाखवलं का? तुम्ही फसवलं का?"

"आतापर्यंत नाही. रविवारी गप्प बसलो तर फसवेन."

"आणि ठाणं बंद झालं तर? पुण्याला तुम्हाला जायचं नाही, इथे राहता येणार नाही. मग काय करणार तुम्ही?"

"ते मला माहीत नाही."

मी चिडले. अजूनही चिडते. इतकी वर्षं मी पोरींना शिकवलं, शाळा चालवली, सरकारी तपासनीस आले की भिंतीला चुना लावला, गैरहजर मुलींना घरून उचलून आणून बाकांवर बसवलं, आणि शाळा वाचवली. त्यातल्या किती जणी शिकायला बसल्या होत्या आणि किती माझ्या भिडेने, हे मी कधी विचारलं नाही. बसलेल्या मुलीला शिकवता येतं, न बसलेलीला नाही, हे माझं म्हणणं. बाबांचं म्हणणं होतं, बसवलेल्या माणसाला काहीच सांगता येत नाही. मी येरझारा घालते आणि दोन्ही बाजूंनी बोलते. शेजारच्या बाईंना वाटतं, मी जप करते.

रविवार आला. मोठे पाळक पुण्याहून आले, बुटांवर हमरस्त्याची धूळ. भला माणूस, घाम पुसत आमच्या एकुलत्या एका खुर्चीत बसला. पडवी भरली, अंगण भरलं. चांगुणाने शब्द पाळला होता. कुणाचे व्याही, कुणाचे जावई, नव्या टोप्या, ठेवणीतली लुगडी. पाळकांचा चेहरा उजळला. मी आईचा हात धरला. मला वाटलं, बाबा विरघळतील. एवढी माणसं बघून कोण नाही विरघळणार?

बाबा उभे राहिले. शास्त्र उघडलं नाही.

"नामा," ते म्हणाले, "चांगुणाबाई, सगळे ऐका. राबाची तुमची माझी सावड फिटली. पार फिटली. आता तुम्ही माझं काही देणं लागत नाही. कामासाठी आला असाल तर काम झालं, घरी जा. ऐकायला बसायचं असेल तर बसा."

कोणी हललं नाही. त्यांना कळेना. मग नामा उठला. त्याच्या कानशिलापर्यंत लाली चढली होती.

"म्हंजे आमचं बसनं तुमाला नको?"

"बसणं हवंय रे. फेडणं नको."

"फेडनं नको? मंग तुमी राबलात ते काय होतं? भीक घातली का आमाला?"

"नाही, नामा..."

"आमी कोनाचं फुकट घेत नाय, मास्तर! पावणे गोळा केले तुमच्यासाठी, नि तुमी चारचौघांत आमची सावड परत करताव?"

तो गेला. त्याच्यामागे एकेक करून सगळे उठले. व्याही आणि जावई कुजबुजत, टोप्या सारख्या करत बाहेर पडले. चांगुणा शेवटी उठली, माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या पोटात काय ऱ्हात नाय का गं, बीयेबाय?" आणि चटई तेवढी उरली.

मोठे पाळक खुर्चीतून उठले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही खरं वागलात. पण मला पुण्याला जाऊन पाहिलं तेच सांगावं लागेल." बाबा म्हणाले, "तेच सांगा." ठाणं बंद झालं. पगार पुढच्या महिन्यापासून थांबणार, खोल्यांचं भाडं पावसाळ्यापुरतं भरलेलं होतं. पाळकांची पाठ वळताच आई परसातून कैऱ्यांची टोपली घेऊन आली, झाडाखाली पडलेल्या, कुणी आणून दिलेल्या, अशा. टोपली बाबांसमोर ठेवून म्हणाली, "पुण्याला जायचं असलं तर यांची चटणी करून संपवते. इथेच राहायचं असलं तर लोणचं घालते. काय करू?"

बाबांनी एक कैरी उचलली, हुंगली.

"लोणचं घाल," म्हणाले.

मी त्या दिवशी जेवले नाही. आईने विळीवर कैऱ्या फोडल्या, त्याचा कच-कच आवाज सबंध दुपार येत राहिला, आणि रस्त्यावरून लॉऱ्या जात राहिल्या.

पुढचे दिवस सगळ्यांत वाईट गेले. बाबा नेहमीप्रमाणे दुपारी राबावर गेले, तर नामाने त्यांना बांधावरच अडवलं. "मास्तर, उद्यापास्नं येऊ नका. तुमी परतफेड घेत नाय, मंग आमी तुमचा हात कसा लावून घ्यायचा?" त्याचं बरोबर होतं. मलासुद्धा ते पटलं. बाबा परत आले आणि पडवीत बसून राहिले. आता ना पगार, ना सावड, ना ऐकणारे. खोकला परत सुरू झाला. सकाळची फिरती मात्र एकही दिवस चुकली नाही. कोटाची जळकी बाही आईने शिवली होती. बाजारात पोरं तिच्याकडे बोट दाखवत.

मार्ग काढला चांगुणाने. एका सकाळी ती आमच्या अंगणात उभी राहिली आणि आत न येता, भांडायला आल्यासारखी ओरडली, "मास्तर! ओढ्याच्या कडेला माझा तुकडा पडीक हाय. माज्यानं होत नाय. अर्ध्या वाट्यानं घेताव का?"

बाबा बाहेर आले. "मला शेती येत नाही, बाई."

"राब भाजता येतो ना? पुढचं शिका. तुमाला शेत असलं म्हंजे आमाला तुमच्याकडं येता यील नि तुमाला आमच्याकडं. हे असं कोंडून कोंडून किती दिस ऱ्हायचं? त्या नामाचं तोंड बघवत नाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "रविवारचं काय ते तुमचं तुमी बघा. त्याच्यात आमाला नका घेऊ."

बाबांनी तुकडा घेतला. उशीर झाला होता, आकाशात ढग दिसायला लागले होते, म्हणून सगळी वस्ती एकदम लोटली. राब रचला, माती पसरली, नामाने काडी लावली आणि बाबांना म्हणाला, "आता हा भडकला तर उडवी तुमची नाय, म्हनून निजू नका." सगळे हसले. दिवसाला दिवस. मीही पाटी उचलली त्या दिवशी. माझ्या पदराला भोक पडलं. भाकरी वरूनच मिळाली. मी ती खाल्ली, आणि खाताना ज्याने टाकली त्याच्याकडे नजर रोखून बघितलं. त्याने मान वळवली.

त्या गावात बाबांनी पुढेही पुष्कळ वर्षं काढली, अर्ध्या वाट्याच्या भातावर. एकाचाही बाप्तिस्मा झाला नाही. हे मी लपवत नाही, कारण मला विचारतात, मग एवढं करून मिळालं काय? मी फक्त त्या रविवारचं सांगू शकते. राब भाजल्यानंतरचा पहिला रविवार. शाळेचं पत्र आलं होतं, दुसऱ्या दिवशी मी पुण्याला निघणार होते.

पडवीत आम्ही तिघेच. सगळा आठवडा ज्यांनी आमच्या तुकड्यावर घाम गाळला त्यांच्यातलं कोणी आलं नाही. बाबा मात्र खूश दिसत होते, त्याचं मला नवल वाटलं. त्यांनी बोलायला सुरुवात केली. मळ्याच्या धन्याची गोष्ट. धन्याने सकाळी मजूर लावले, दुपारी आणखी लावले, उन्हं उतरल्यावरही लावले, आणि दिवस बुडताना सगळ्यांना सारखीच मजुरी दिली. एवढ्यात नामा आला. आत आला नाही, पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसला, विडी कानामागे खोचलेली. बाबांनी त्याच्यासाठी आवाज वाढवला नाही की थांबले नाहीत.

नामाच गर्रकन वळला.

"थांबा मास्तर. सकाळपास्नं राबला त्याला, नि सांजचा आला त्याला, सारखंच?"

"सारखंच."

"मंग तुमचा धनी लबाड हाय."

आईने तोंडावर पदर धरला. बाबांनी पुस्तक मिटलं.

"इतके रविवार बसलास," ते म्हणाले, "कधी असं बोलला नाहीस."

"तवा सावडीला आलो होतो. सावडीत तोंड चालवायचं नसतं, काम करायचं. आज मी कोनाचा देणेकरी नाय. आज बोलनार."

बाबा उठून पायरीवर त्याच्या शेजारी जाऊन बसले, मध्ये हातभर जागा सोडून. नामा सरकला नाही. तो हातवारे करून सांगत होता की असला धनी आमच्याकडे असता तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे कोण पहाटे उठून गेलं असतं, सगळे सांजचेच गेले असते. बाबा मान हलवत होते, मध्येच "हां, हां, पण बघ" म्हणत होते, आणि नामा "पन नाय नि बिन नाय" म्हणत होता. सावली जोत्याला लागली आणि जोत्यावर चढली. आईने आतून हाक मारली, "अहो, भात गार होतोय."

"होऊ दे," बाबा मागे न बघता म्हणाले. "हां, नामा. पुढे बोल."